टिग वेल्डिंगचे यंत्र : घेण्यापूर्वीचा हिशेब

दादरा-नगर हवेलीचा मुलूख १९५४ साली पोर्तुगिजांच्या अमलातून मुक्त झाला, तेव्हा तो मुख्यतः भातखाचरांचा आणि रानांचा मुलूख होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत करसवलतींच्या आधाराने तेथे कारखानदारी आली आणि सिल्वासाच्या आसपासची मसाट, राखोली, खडोली, सुरंगी ही गावे पाहता पाहता कारखान्यांची गावे म्हणून ओळखली जाऊ लागली. मोठ्या कारखान्याच्या मागोमाग लहान कामे येतात. कोठे गळका पाइप जोडावयाचा असतो, कोठे स्टेनलेस स्टीलच्या टाकीला नवी नळी बसवावयाची असते, कोठे कँटीनसाठी ओटे आणि मांडण्या करावयाच्या असतात. अशा कामांवर हात बसलेला घरातील तरुण चार-सहा वर्षे कंत्राटदाराकडे राबला, की एके दिवशी घरी म्हणतो, “आता स्वतःचे आर्गनचे मशीन घेतो.” सुरंगीत जे घडते तेच वापीत, सुरतेत, बडोद्यात आणि इंदुरात मराठी घरांतून घडत असते.

वडीलधाऱ्यांपुढे मग दोन प्रश्न उभे राहतात : पैसा कोठून आणावयाचा आणि यंत्र कोणते घ्यावयाचे. पहिल्या प्रश्नावर रात्ररात्र चर्चा होते. दुसरा मात्र बहुधा दुकानदाराच्या शब्दावर सोपविला जातो. वस्तुतः घरची पुंजी सुखरूप राहणार की नाही, हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असते. म्हणून या महिन्यात त्याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम हे ‘टिग’ म्हणजे काय ते पाहू. साध्या वेल्डिंगमध्ये हातातील रॉडच वितळतो आणि त्यावरील लेपाचा धूर व मळी वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतात. टिगमध्ये ज्योत पेटते ती टंगस्टनच्या टोकावर. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून ते टोक कायम राहते. भरावाची तार दुसऱ्या हाताने घालावयाची असते आणि रक्षणाचे काम टॉर्चमधून वाहणारा आर्गन वायू करतो. हवेच्या शंभर भागांत जेमतेम एक भाग असणारा हा वायू १८९४ साली रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तो कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून त्याला ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून नाव मिळाले. या आळशीपणाचाच कारागिराला उपयोग होतो. १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ याने मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही रीत सिद्ध केली. त्याने आर्गनऐवजी हेलियम वापरला होता. पुढे आर्गन रूढ झाला आणि आपल्याकडील कारागिरांच्या तोंडी या कामाचे नावच ‘आर्गन वेल्डिंग’ असे पडले.

ही जोडणी स्वच्छ, सुबक आणि भरवशाची असते. तथापि ती सावकाशीची आहे. ज्याच्याकडे मुख्यतः खिडक्यांच्या जाळ्या, दरवाजे, शेडचे सांगाडे अशी साध्या लोखंडाची कामे येणार आहेत, त्याने टिगच्या मागे लागू नये. त्याला साधे रॉडचे यंत्र वा तारेचे सीओटू यंत्र अधिक काम उरकून देईल. टिगचा मान पातळ पत्र्याला, स्टेनलेस स्टीलला, नळ्यांना आणि ॲल्युमिनियमला. तेव्हा यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी एका वहीत गेल्या सहा महिन्यांत कोणती कामे आली, कोणत्या धातूची, किती जाडीची आणि त्यांतली किती कामे यंत्र नसल्यामुळे सोडावी लागली, हे लिहून काढावे. पुढचे सारे निर्णय या पानावरून घ्यावयाचे आहेत.

पहिला निर्णय डीसी की एसी-डीसी हा. लोखंड, स्टेनलेस स्टील आणि तांबे यांना डीसी प्रवाह पुरतो. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. तो धातू ६६० अंशांवर वितळतो. परंतु त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो पापुद्रा सदैव असतो, तो वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी तशीच राहते. एसी प्रवाहात दिशा सतत पालटते. एका दिशेला ती कातडी फुटून साफ होते आणि दुसऱ्या दिशेला धातूत उष्णता उतरते. म्हणून ॲल्युमिनियमसाठी टिगमध्ये एसीची सोय असलेले यंत्र लागते. ‘उद्या एखादे ॲल्युमिनियमचे काम आले तर?’ या एका शंकेपायी पुष्कळ घरे हे महागडे यंत्र घेतात आणि ती सोय वर्षानुवर्षे पडून राहते. वहीच्या पानावर ॲल्युमिनियमची कामे नियमित दिसत असतील तरच तो खर्च करावा. सिल्वासा-वापीच्या टापूत औषधे, रसायने आणि खाद्यपदार्थ यांच्या कारखान्यांमुळे स्टेनलेस स्टीलच्या कामाला वाव आहे आणि त्याला चांगले डीसी यंत्र पुरेसे असते.

दुसरा निर्णय अँपियरचा. कारागिरांचा जुना ठोकताळा असा की एक मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपियर धरावे. स्टेनलेस स्टीलला त्याहून थोडे कमी चालते. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ५० ते ६०, तीन मिलिमीटरला १०० ते १२० अँपियर लागतात. यावरून ध्यानात येईल की लहान कामशाळेला १६० ते २०० अँपियरचे यंत्र बहुतेक सर्व कामांना पुरते. उलट खालच्या अंगाला ते किती शांतपणे चालते हेही पाहिले पाहिजे. पातळ पत्र्यावर दहा-पंधरा अँपियरची ज्योत स्थिर राहते का, हे दुकानातच पेटवून पाहावे. वरचा आकडा विकत घेताना दाखविला जातो. खालचा आकडा काम करताना आठवतो.

परंतु पेटीच्या दर्शनी भागावर रंगविलेला ‘२००’ हा आकडा म्हणजे यंत्राची खरी शक्ती नव्हे. यंत्राच्या पाठीवर एक लहान पाटी असते, ती वाचावी. तीत ‘एक्स’ या अक्षरापुढे टक्के दिलेले असतात. यालाच ड्यूटी सायकल म्हणतात. त्याचा अर्थ असा की ४० अंश तापमानात दर दहा मिनिटांपैकी किती मिनिटे यंत्र त्या अँपियरवर चालू शकेल. ‘२०० अँपियर, ३५ टक्के’ असे लिहिले असेल, तर दहा मिनिटांत साडेतीन मिनिटे ज्योत आणि साडेसहा मिनिटे विश्रांती. तेच यंत्र ६० टक्क्यांवर सुमारे १५० अँपियर आणि अखंड चालवावयाचे तर १२० अँपियरच्या आतबाहेर देते. आता पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत काय तापमान असते ते आपण जाणतोच. तेथे हा हिशेब आणखी आवळून धरावा लागतो. दोन यंत्रांची तुलना करावयाची तर दोहोंचे ६० टक्क्यांवरील अँपियर शेजारी शेजारी मांडून करावी. मग स्वस्त वाटणारे यंत्र किती स्वस्त आहे ते उमगते. ज्या यंत्राला अशी पाटीच नाही ते घेऊ नये.

त्याच पाटीवर चौकोनात ‘एस’ हे अक्षर असेल, तर ओलसर वा चोहीकडे लोखंड असलेल्या जागी विजेच्या धक्क्याच्या दृष्टीने ते यंत्र योग्य ठरविलेले आहे असे समजावे. ‘आयपी २३’ हा आकडा ‘आयपी २१’ पेक्षा बरा. कारण पहिल्यात तिरप्या शिंतोड्यांपासूनही रक्षण असते, दुसऱ्यात केवळ सरळ वरून पडणाऱ्या थेंबांपासून. हवेलीसारख्या धो धो पावसाच्या प्रदेशात हा भेद लहान नाही. मात्र असे यंत्रही उघड्या पावसात चालवावयाचे नसते.

तिसरा हिशेब विजेचा आणि तोच बहुधा विसरला जातो. घरगुती २३० व्होल्टच्या जोडणीवर १६० अँपियरचे टिग काम केले, तर ज्योतीला सुमारे २.६ किलोवॅट शक्ती लागते. यंत्रातील नाश आणि पॉवर फॅक्टर धरता भिंतीतून २० अँपियरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. त्याच यंत्राने तितक्याच अँपियरवर साधा रॉड चालविला, तर ज्योतीचे व्होल्टेज जास्त असल्यामुळे तो ३० अँपियरच्या घरात जातो. आपल्या घरचा मोठा प्लग १६ अँपियरचा असतो. ६० अँपियरवर पातळ पत्र्याचे काम त्यावर निभावते, मोठे निभावत नाही. तारा तापतात, शेजाऱ्यांचे दिवे मंद होतात आणि यंत्रही बिघडते. म्हणून यंत्र आणण्याआधी मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर पाहावे, लागल्यास वाढवून घ्यावा आणि पुरेशा जाडीच्या तारेची स्वतंत्र जोडणी व पक्के अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. धंद्यासाठी वीज वापरावयाची तर जोडणीचा प्रकारही तसाच असला पाहिजे. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

चौथा हिशेब वायूचा. यंत्र एकदा घ्यावयाचे असते, आर्गन सदैव. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारणतः सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला आठ लिटर या बेताने तो सुमारे साडेचौदा तास ज्योतीला पुरतो. दिवसाकाठी प्रत्यक्ष ज्योत दोन तास पेटली, तर हा साठा आठवडाभराचा झाला. ज्योत विझल्यावरही टंगस्टन व जोड निवेपर्यंत काही सेकंद वायू सोडावाच लागतो, तोही यातूनच जातो. अधिक वायू म्हणजे अधिक रक्षण, हा समज खोटा आहे. प्रवाह फार वाढविला तर तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढून जोड काळा पाडतो. तेव्हा सिलिंडर भाड्याने की विकत, भरून कोठे मिळतो, वाहतुकीला काय पडते आणि वायूच्या शुद्धतेचा दाखला मिळतो का, हे आधी विचारून ठेवावे. प्रत्येक कामाच्या दरात वायूचा वाटा मांडला नाही, तर महिनाअखेर हातात केवळ थकवा उरतो.

आता यंत्राच्या अंगच्या गुणांकडे वळू. ज्योत पेटविण्याच्या तीन रीती आहेत. टंगस्टन धातूवर घासून पेटविणे ही सर्वांत स्वस्त रीत. पण त्यात टोक बिघडते आणि टंगस्टनचा कण जोडात अडकण्याचा संभव असतो. टेकवून उचलण्याची रीत त्याहून बरी. उच्च कंप्रतेच्या ठिणगीने, स्पर्श न करता पेटविण्याची रीत, जिला कारागीर ‘एचएफ’ म्हणतात, ती स्टेनलेस स्टीलच्या स्वच्छ कामाला उत्तम. मात्र तिच्यामुळे जवळच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांत व्यत्यय येऊ शकतो आणि हृदयाला पेसमेकर बसविलेल्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या यंत्राजवळ फिरकू नये. यंत्र कामशाळेत असो वा घराच्या पडवीत, घरातील सर्वांना हे सांगून ठेवलेच पाहिजे.

दुसरा गुण ‘पल्स’ म्हणजे प्रवाह लयीने कमीजास्त होण्याची सोय. स्टेनलेस स्टील साध्या लोखंडापेक्षा उष्णता फार कमी वाहून नेते आणि तापल्यावर अधिक प्रसरण पावते. म्हणून पातळ पत्रा वाकडा होतो. पल्समुळे एकूण उष्णता आटोक्यात राहते. तिसरा गुण, ज्योत विझविताना प्रवाह हळूहळू उतरविण्याची सोय. तिच्यामुळे जोडाच्या शेवटी खड्डा व चीर पडत नाही. या तीन सोयी असलेले, १६० ते २०० अँपियरचे डीसी इन्व्हर्टर यंत्र ही लहान कामशाळेची माझ्या मते योग्य निवड होय. टॉर्च हवेने थंड होणारा पुरे. टंगस्टन १.६ आणि २.४ मिलिमीटरचे ठेवावे. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किंचित किरणोत्सर्गी थोरियम असतो आणि टोक घासताना त्याची धूळ श्वासात जाण्याचा धोका असतो. सोनेरी वा निळ्या टोकाचे लँथॅनमयुक्त टंगस्टन तेच काम करते, म्हणून ते घ्यावे. टोक घासताना रेघा लांबीच्या दिशेने पडाव्यात, आडव्या नव्हेत. आणि घासण्याची जागा यंत्रापासून दूर असावी, कारण लोखंडाची धूळ पंख्यावाटे इन्व्हर्टरच्या पोटात गेली की ते जळते.

जो पुढेमागे कारखान्यांच्या नळ्यांचे काम घेऊ पाहतो, त्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टेनलेस स्टीलची नळी बाहेरून चकचकीत जोडली, पण आत आर्गन भरला नाही, तर आतल्या बाजूला साखरेच्या खड्यांसारखी काळी खरबरीत पूड उठते. तीत दूध वा औषध अडकते, कुजते, आणि जोड तेथूनच गंजतो. म्हणजे आत वायू भरण्यासाठी दुसरी नळी, दुसरा मापक आणि अधिक आर्गन लागणार. ३०४ जातीच्या पोलादाला ३०८ एल आणि ३१६ ला ३१६ एल ही भरावाची तार घ्यावी. ‘एल’ म्हणजे त्यात कार्बन कमी. कार्बन जास्त असला तर तो उष्णतेत क्रोमियमला धरून बसतो आणि गंजरोधक गुण नाहीसा होतो. हे ज्ञान यंत्राबरोबर पेटीत येत नाही. ज्याला ते नाही त्याच्या हाती उत्तम यंत्रही केवळ महाग यंत्र ठरते.

यानंतर आरोग्याचा हिशेब, जो कोणत्याही दरपत्रकावर नसतो. टिगमध्ये धूर दिसत नाही, म्हणून तो नाहीच असा भ्रम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधील अतिनील किरण या दोहोंना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत निश्चितपणे गणले. टिगची ज्योत अतिशय प्रखर असते. कामाच्या अँपियरप्रमाणे १० ते १२ क्रमांकाची काच, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मऊ चामड्याचे हातमोजे यांना पर्याय नाही. शेजारून पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसाठी पडदा लावावा. आर्गन हवेपेक्षा जड आहे. तो बंद खोलीत, खड्ड्यात वा टाकीत तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यात गेलेला माणूस धोका ओळखण्यापूर्वीच कोसळतो. टाकीत उतरून काम करावयाचे तर हवा खेळती ठेवून आणि बाहेर माणूस उभा करूनच करावे. तो कोसळला तर नुसत्या धावपळीने त्याच्यामागे आत उतरू नये. तेल काढण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरून लगेच ज्योत पेटवू नये, कारण त्यातून फॉस्जीनसारखा प्राणघातक वायू उत्पन्न होऊ शकतो. सिलिंडर नेहमी उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. म्हणून दागिने गहाण टाकण्यापूर्वी बँकेची पायरी चढून पाहावी. जेवढी रक्कम हाताशी आहे, ती सगळी यंत्रात घालू नये. माझा सल्ला असा की अर्धीच यंत्रासाठी ठेवावी. उरलेल्यात जोडणी, सिलिंडर व मापक, ग्राइंडर, काच व हातमोजे, तारा, आणि पहिले बिल वसूल होईपर्यंतचा घरखर्च भागवावयाचा आहे. कारखान्यांकडून पैसे यावयास दोन-तीन महिने लागणे ही नवलाची गोष्ट नव्हे. अर्ध्या रकमेत हवे ते यंत्र बसत नसेल तर आणखी काही महिने थांबावे, वा चांगल्या स्थितीतील जुने यंत्र जाणत्या माणसाकडून तासभर चालवून पाहून घ्यावे. यंत्र नवे असो वा जुने, त्याची दुरुस्ती करणारा एका दिवसाच्या पल्ल्यात असला पाहिजे. सुरंगीच्या माणसाला वापीत दुरुस्त होणारे साधे यंत्र हे मुंबईला पाठवाव्या लागणाऱ्या भारी यंत्रापेक्षा अधिक मोलाचे. कारण बंद पडलेल्या प्रत्येक दिवसाचे काम दुसऱ्याच्या दारी जाते आणि गेलेले गिऱ्हाईक सहसा परतत नाही.

आणि ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याच्या घराने घाई करू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो आणि आठवी उत्तीर्ण मुलालाही त्यात प्रवेश मिळू शकतो. त्या वर्षात जो दहा किलो तार जाळून शिकेल, तो पुढे स्वतःच्या सिलिंडरची नासाडी करणार नाही. मुलीने हे शिकण्याची इच्छा धरली तर तिलाही अडवू नये. टिगचे काम बळाचे नाही. स्थिर हात, तीक्ष्ण नजर आणि सबुरी एवढेच ते मागते.

तात्पर्य, यंत्र हा या हिशेबातील शेवटचा आकडा आहे, पहिला नव्हे. काम कोणते, धातू कोणता, जाडी किती, वीज किती, वायू कोठून, हात कोणाचा, ही बेरीज नीट झाली की यंत्राचे नाव आपोआप पुढे येते आणि दुकानदाराला फक्त किंमत विचारावयाची उरते. मुलाने आपल्या पायांवर उभे राहावे ही प्रत्येक घराची इच्छा असते. तो वहीचे एक पान भरून आला, तर त्याच्याशेजारी बसून ते पान वाचावे. आणि भरून आला नसेल, तर पैसे देण्यापूर्वी त्याच्या हाती वही द्यावी.